टाकलेल्या पट्ट्या

मेलेली पट्टी हलली तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि मी चहाचा कप विसळत होते. पट्टी म्हणजे गिनीपिगच्या लहान आतड्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. गेली बावीस वर्षं मी असे तुकडे कापते, दोन्ही टोकांना दोरा बांधते, कोमट खाऱ्या पाण्याच्या काचेच्या नळीत ते उभे टांगते, खालून प्राणवायूचे बुडबुडे सोडते, आणि तुकडा आवळला की वरच्या दोऱ्याला जोडलेलं पेन कागदाच्या गुंडाळीवर जो डोंगर काढतं तो बघत बसते. लोकांना वाटतं, आतडं शरीराबाहेर काढलं की संपलं. तसं नसतं. नीट ठेवलं तर ते पाच-सहा तास आपलं काम इमानेइतबारे करत राहतं. पोट नाही, जनावर नाही, पचवायला काही नाही, तरी आवळतं आणि सुटतं. नोकरीच्या सुरुवातीला मला त्याची दया यायची, मग कौतुक वाटायला लागलं, आणि अलीकडे, खरं सांगायचं तर, काहीच वाटत नव्हतं. आजची तिसरी पट्टी सव्वादहाला मेली होती. म्हणजे ती मेली असं मी ठरवलं होतं. आमचा नियम आहे. पट्टी टांगल्यावर तिला अर्धा तास सावरू द्यायचं, मग आतडं आवळायला लावणाऱ्या औषधाचे तीन थेंब, दहा-दहा मिनिटांनी. थेंब पडला की एक मिनिट पेन चालू ठेवायचं, मग पुढच्या थेंबापर्यंत बंद; तिन्ही वेळा त्या एका मिनिटात पेन दोन चौकटी चढलं नाही तर पट्टी मेली, कापताना दुखावली असणार, प्रयोगाला निकामी. ती काढून फिनेलच्या बादलीत टाकायची आणि पुढची घ्यायची. आज बादली धुवायला गेली होती. म्हणून ती पट्टी मी खिडकीशी एका काचेच्या बशीत, घोटभर खाऱ्या पाण्यात ठेवून दिली आणि विसरले. खिडकीत ऊन आलं, पाणी कोमट झालं, आणि पट्टीचं एक टोक हळूच वर उचललं गेलं, आखडलं, पुन्हा खाली टेकलं. झोपेतल्या मुलाचं बोट हलतं तसं. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? की कुणी बघितलं तर नाही ना.

कुणी बघितलं नव्हतं. प्रयोगशाळेत मी एकटीच होते, सर पलीकडच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होते आणि त्यांचा पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता. मी ती बशी उचलून बादलीत रिकामी करू शकले असते, पण बादली जागेवर नव्हती. एवढ्याशा गोष्टीवर माणसाचं सगळं अवलंबून असतं. मी पट्टी चिमट्याने उचलली, पुन्हा दोरा बांधला, पुन्हा नळीत टांगली, एक थेंब सोडला आणि घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट गेलं. पेन सपाट. नियमाप्रमाणे मी बटण बंद करायला हवं होतं, कागद वाया जातो म्हणून बावीस वर्षं करत आले आहे. आज बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. दोन मिनिटं गेली, तीन गेली. चौथ्या मिनिटाला पेन जागचं हललं आणि सावकाश, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखं, वर जायला लागलं. दोन चौकटी, चार, सहा. वर जाऊन तिथे थांबलं आणि तितक्याच सावकाश उतरलं. पट्टी जिवंत होती. ती फक्त उशिरा उत्तर देत होती, आणि मी कधी उशिरापर्यंत थांबलेच नव्हते. मी स्टुलावर बसले. पोटात गोळा आला म्हणतात तो खरोखर कुठल्या जागी येतो हे मला माहीत आहे, मी त्या जागेचे तुकडे कापते, पण आज तो आला तेव्हा मला त्या ज्ञानाचा काही उपयोग झाला नाही. कारण ही पट्टी कुठल्या पिंजऱ्यातली आहे ते मला माहीत होतं. लाल खुणेच्या. म्हणजे रोज स्टेरॉइड टोचलेल्या जनावरांच्या.

इथे थोडं सांगायला हवं. सूज उतरवणाऱ्या या औषधाच्या गोळ्या हल्ली कशावरही देतात, सांधे सुजले, दमा झाला, आतड्याला सूज आली. महिनोन्‌महिने देतात. सरांचा प्रश्न साधा होता: इतके दिवस हे औषध अंगात गेलं तर आतड्याचा स्नायू आवळायचं विसरतो का? तीन वर्षांपूर्वी त्यांनी मोठी मालिका केली, आणि या महिन्यात तीच थोडक्यात पुन्हा चालू आहे. दोन पिंजरे, एकाला औषध, दुसऱ्याला नुसतं खारं पाणी. कुठल्या पिंजऱ्याला काय ते सरांना मुद्दाम सांगायचं नाही, म्हणजे आलेख मोजताना त्यांचं मन एका बाजूला झुकणार नाही. ते फक्त मला माहीत, कारण सुई मीच टोचायची. आता गंमत बघा, ज्याचं मन झुकू नये म्हणून एवढा बंदोबस्त केला तो माणूस फक्त डोंगर मोजत होता, आणि कुठल्या पट्टीला डोंगर काढायची संधी द्यायची ते ठरवत होते मी. त्या मालिकेत एकोणीस पट्ट्या मेल्या. त्यातल्या सोळा लाल खुणेच्या होत्या. हे मला तेव्हाही दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही. दहावी-अकरावी पट्टी बादलीत टाकताना हात क्षणभर थबकला होता, आणि मग मी स्वतःची समजूत घातली की लाल पिंजऱ्याची जनावरं मी नेहमी सकाळी पहिल्यांदा घेते, तेव्हा माझा हात थंड असतो, पट्टी कापताना दुखावत असेल. दोष माझ्याकडे घेतला की कसं मोठेपण वाटतं, आणि पुढे विचारही करावा लागत नाही. उरलेल्या पट्ट्या, म्हणजे लाल पिंजऱ्यातल्या सगळ्यात धडधाकट, पांढऱ्या पिंजऱ्याच्या बरोबरीने डोंगर काढत होत्या. निष्कर्ष आला: फरक नाही. तक्ता असा स्वच्छ झाला की सर त्या दिवशी स्वतः चहा घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "बाई, तुमच्या हाताला तोड नाही," म्हणाले. मी घरी जाताना दोन थांबे आधी उतरून चालत गेले होते, इतकं बरं वाटत होतं.

बरं वाटणं हा माझा जुना रोग आहे. दुसऱ्याला बरं वाटलं की मला बरं वाटतं, असं सांगितलं तर चांगला गुण वाटेल, पण तो गुण नाही. मी दहा वर्षांची असताना वडिलांना सहा-सात आठवडे ताप येत होता. दादा तेव्हा चौदाचा. आईला चाळशीशिवाय तापमापीवरची रेघ दिसत नसे आणि चाळशी लावायला ती लाजत असे, म्हणून ताप बघायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी मी ती काचेची कांडी वडिलांच्या काखेतून काढायची, दिव्याकडे धरायची, आणि दारात पदराला हात पुसत उभी असलेली आई माझ्या तोंडाकडे बघत असायची. पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. एकशे दोन. तिचा चेहरा असा पडला की तो मी पाडला असंच मला वाटलं. दुसऱ्या दिवशी एकशे एक असताना मी शंभर म्हणाले. आई हसली आणि आत जाऊन तिने मला गूळ दिला. तेव्हापासून मी रोज एक डिग्री कमी सांगत गेले, कधी दीडही. वडील त्या तापाने काही गेले नाहीत, पुढे वीस वर्षं जगले, आणि माझ्या लबाडीला शिक्षा मिळाली नाही, तेच वाईट झालं. घरातल्या वाईट बातम्या माझ्याकडून ऐकायच्या, असं आपोआप ठरून गेलं. ही सांगते तेव्हा कसं सौम्य वाटतं, असं मावशी म्हणायची. सौम्य वाटायचंच, कारण त्यातला कडू भाग मी आधीच काढून टाकलेला असे.

आणि मग तो गुरुवार. तक्ता पुरा होऊन आठवडा झाला होता. मी संध्याकाळी घरी कपड्यांना इस्त्री करत होते, दादाचा फोन आला. माझा हा एकुलता एक भाऊ, मोजणी खात्यात जमिनी मोजायचा, आयुष्यभर उन्हातान्हात साखळ्या ओढत हिंडलेला माणूस. त्याला वर्षभरापासून मोठ्या आतड्याला सूज होती आणि डॉक्टरांनी याच गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी त्याचा चेहरा गोल गरगरीत झाला होता आणि तो आरशात बघून म्हणायचा, बघा, शेवटी तब्येत सुधारली. मला तो शास्त्रज्ञ बाई म्हणतो, मी साधी तंत्रज्ञ आहे हे पुरतं माहीत असून. त्या दिवशी फोनवर म्हणाला, "शास्त्रज्ञ बाई, एक विचारू? कालपासून पोट फुगल्यासारखं वाटतंय. संडासला झालेलं नाही. दुखत मात्र नाही. या गोळ्यांनी आतडं बंद पडतं का गं?" मी इस्त्री उभी करून ठेवली. बाहीची घडी मोडली होती ती मी एका हाताने सरळ करत होते, हे मला लख्ख आठवतं, आणि मी काय बोलले तेही शब्दनशब्द आठवतं. मी म्हणाले, "या गोळ्यांनी आतड्याला काही होत नाही. आम्ही स्वतः करून बघितलंय, परवाच तक्ता झाला. दुखत नाही ना? मग झालं. पाणी पी भरपूर आणि झोप." तो म्हणाला, "बरं. तू म्हणतेस तर ठीक." आणि खरोखरच झोपला. शनिवारी पहाटे त्याचं आतडं फुटलं. ऑपरेशन चार तास चाललं. मोठ्या आतड्याचा बराचसा भाग काढला आणि पोटाला भोक पाडून मळाची पिशवी लावली, ती कायमची. सर्जन बाहेर येऊन मास्क गळ्यात ओढत म्हणाले, "या गोळ्या चालू असल्या की दुखणं दबून जातं, पोट बोंब मारत नाही. फुगलं तेव्हाच आणायला हवं होतं." वहिनी बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "यांनी कुणाला काही सांगितलंच नाही हो." मी त्यांच्या शेजारीच बसले होते, त्यांचा हात माझ्या हातात होता. मी तो दाबला. तोंड उघडलं नाही.

त्या गोळ्या दुखणं लपवतात हे मला आधी माहीत नव्हतं का? माहीत होतं. सरांच्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकात ते आहे, मी ती पुस्तकं पुसते. पण माहीत असणं आणि फोनवर आठवणं यांच्यामध्ये तो स्वच्छ तक्ता उभा होता आणि त्याच्यामागे आईचा हसणारा चेहरा. दादाची नोकरी गेली, म्हणजे त्यानेच सोडली, पिशवी घेऊन शेतातून कसं हिंडणार. त्याची साखळी माळ्यावर गेली. गेली तीन वर्षं दर शनिवारी मी त्याच्याकडे जाते. पिशवी बदलायला मी वहिनींच्या आधी शिकले. दुकानातून पिशव्या मी आणते, त्वचेला लावायची पावडर मी आणते, ओली फडकी मी धुते, आणि वहिनी शेजारणीला सांगतात, नणंद असावी तर अशी. हे ऐकताना माझी मान जी खाली जाते ती विनयाने जाते असा त्यांचा समज आहे. दादाने त्या फोनचा विषय कधी काढला नाही. मी धरून चालले होते की तो विसरला. भुलीच्या औषधाने आधीच्या दोन दिवसांचं पुसलं जातं असं कुठेतरी वाचलं होतं, ते मी मनाशी घट्ट धरून ठेवलं. सगळं पोटात ठेवलं आणि ते तिथे तीन वर्षं निमूट राहिलं. आज एक पट्टी बशीत हलली आणि मला समजलं की माझ्या तोंडून दादाला जे उत्तर मिळालं ते खोटं होतं, आणि ते खोटं मीच आधी प्रयोगशाळेत तयार करून ठेवलं होतं. या गोळ्यांनीच त्याचं आतडं सुस्तावलं, की आजाराने, ते मला ठाऊक नाही. गिनीपिगच्या तुकड्यावरून माणसाचं सांगता येत नाही हेही मला कळतं. पण हे असं बोलायला लागले की माझाच आवाज मला ओळखू येतो, एक डिग्री कमी सांगतानाचा.

मी प्रयोगशाळेतल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यातून जुन्या गुंडाळ्या काढल्या. आम्ही मेलेल्या पट्ट्या वहीत लिहीत नाही. पण त्या एकेका मिनिटापुरतं पेन तर चालू असतंच, म्हणून प्रत्येक मेलेल्या पट्टीची ती सपाट रेघ गुंडाळीवर आहे, वर माझ्या अक्षरात पट्टीचा आकडा, तीन थेंबांचे तीन बाण आणि शेवटी फुली. कागद पिवळा झाला होता, शाई नाही. मी जमिनीवर बसून एक एक गुंडाळी उलगडली. रेघ सपाट, सपाट, आणि तिसऱ्या बाणानंतर, बटण बंद करण्याच्या अगदी आधी, काही ठिकाणी रेघ किंचित वर उचललेली. अर्धी चौकट. पाव चौकट. डोंगराचा पायथा. पहिल्या थेंबाचं उत्तर तिसऱ्या थेंबापर्यंत येऊ घातलं होतं की काय कोण जाणे, पण पुढे कागदच नव्हता. मी लाल खुणेच्या सोळाही जागी चिठ्ठ्या लावल्या आणि गुंडाळ्या उराशी धरून सरांच्या खोलीत गेले. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बशीतली बिस्किटं माझ्याकडे सरकवली. मी पट्टी हलल्याचं सांगितलं. "उन्हानं हलली असेल, बाई." मी म्हटलं, मी पुन्हा टांगली, चौथ्या मिनिटाला चढली, सहा चौकटी. सरांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "एका मिनिटाचा नियम आपण प्रयोगाच्या आधी ठरवला होता. नियमाप्रमाणेच टाकल्या ना? मग तुमची काही चूक नाही." मला चूक नाही हे ऐकायला केवढं आवडलं असतं. मी म्हटलं, "एकोणीसपैकी सोळा लाल पिंजऱ्याच्या होत्या, सर. आणि ते मला तेव्हा माहीत होतं." त्यांनी चष्मा खाली घेतला, चिठ्ठ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. "हे तुम्ही तेव्हा का नाही बोललात?" ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं, पण त्यांनी खरंच विचारलं होतं. मी म्हणाले, "तुम्ही चहा घेऊन आलात." त्यांना ते कळलं नाही, आणि कळायला हवं होतं असंही नाही. ते एवढंच म्हणाले, "ठेवा इथे. सोमवारी बसू." बाहेर पडताना मी पाहिलं तर ते पहिली गुंडाळी खिडकीच्या उजेडात धरून त्या पायथ्याकडे बघत होते.

शनिवार होता, अर्धा दिवस. बसमध्ये उभी असताना मी वाक्यं जुळवत होते. दादा, तुला आठवत नसेल पण. दादा, तो गुरुवार. प्रत्येक वाक्य सुरुवातीला खणखणीत असायचं आणि शेवटाकडे येईपर्यंत त्यातली टाचणी मी काढून टाकलेली असायची. माझ्या समोर बसलेल्या बाईच्या मांडीवर एक पिशवी होती, तिच्यातून काहीतरी गळत होतं, आणि तिला ते सांगायचं की नाही यावर मी तीन थांबे घालवले. शेवटी सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू ते मीच गळायला लावलं. मला हसू आलं, पण दादाच्या जिन्यापाशी पोचेपर्यंत ते उरलं नव्हतं. दार वहिनींनी उघडलं. "बरं झालं आलात, वन्सं. काल रात्रीपासून यांची पिशवी कोरडी आहे, आणि हे म्हणतात काही नाही. तुम्हीच बघा आता. मी चहा टाकते." त्या आत गेल्या. दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता, मांडीवर जुना मोजणीचा नकाशा, हातात भिंग. चेहरा पुन्हा गोल दिसायला लागला होता. सहा आठवड्यांपूर्वी सांध्यांसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच गोळ्या पुन्हा सुरू केल्या होत्या, थोड्या कमी. "या, शास्त्रज्ञ बाई," तो म्हणाला.

मी उभ्याउभ्याच बोलले, नाहीतर बोलले नसते. "दादा, ऑपरेशनच्या आधी गुरुवारी तू मला फोन केला होतास." त्याने भिंग नकाशावर ठेवलं. "हो," म्हणाला, "तू इस्त्री करत होतीस. वाफेचा आवाज येत होता." मी पलंगाच्या कडेला टेकले. तीन वर्षं मी ज्याच्या विसरण्यावर जगले तो काही विसरला नव्हता. "मग वहिनींना कधी बोलला का नाहीस?" "कशाला? तुझ्याशी बोलणं टाकलं असतं तिनं." मग मी सगळं सांगितलं, पट्ट्या, बादली, सोळा, पेन चौथ्या मिनिटाला कसं चढलं, सगळं. तो मोजणीवाला माणूस, त्याला ते चटकन समजलं. मान हलवत ऐकत होता. मी म्हणाले, "माझं ऐकून तू झोपलास, दादा. मी जा म्हणाले असते तर तू आज उन्हात हिंडत असतास." दादा बराच वेळ नकाशाच्या कडेची घडी नखाने सरळ करत राहिला. मग म्हणाला, "तुला काय वाटतं, माझ्याकडे दुसरा नंबर नव्हता? डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता, मी त्याच्यासमोर उभं राहूनच तुला फोन लावला. ते म्हणाले असते, ताबडतोब या. कापायला नेतील म्हणून मी इतका घाबरलो होतो की सांगता येत नाही. मला झोप म्हणणारं माणूस हवं होतं." "पण मीच का?" मी विचारलं, आणि विचारताक्षणी ते विचारायला नको होतं असं वाटलं. तो हसला, वाईट नाही, लहानपणी हसायचा तसाच. "बाबांचा ताप तू बघायचीस ना. तू काच ठेवून दिलीस की मी ती उचलून बघायचो. तुला झटकायचं लक्षात राहायचं नाही. पारा तिथेच असायचा. तू शंभर म्हणालेली असायचीस आणि काचेवर एकशे एक."

मला वाटत होतं की तो रागावेल किंवा माफ करेल. या दोन्हींची मी तयारी केली होती. हे तिसरं होतं. त्या गुरुवारी त्याने घाईत, विश्वासाने, मला काही विचारलं नव्हतं. घाबरलेला असूनही, फ्रिजसमोर उभं राहून, कुठून कुठलं उत्तर येईल ते जोखून, त्याने मला निवडलं होतं. नको ते उत्तर देईल असा नंबर त्याने बाजूला टाकला आणि हवा तो डोंगर काढेल असा घेतला. आणि मी काढला. चाळीस वर्षं त्याला माहीत होतं की मी खरं सांगत नाही, आणि त्याला ते गैरसोयीचं नव्हतं, आईला नव्हतं, सरांना नव्हतं, कुणालाच नव्हतं. गुन्ह्यात दुसरा भागीदार निघाला की भार हलका होतो म्हणतात. माझा झाला नाही. उलट मला वाटलं की निदान एका माणसाने तरी माझ्यावर भोळेपणाने विश्वास ठेवलेला असायला हवा होता, म्हणजे मी त्याला फसवलं असं तरी म्हणता आलं असतं. स्वयंपाकघरात कपबश्या वाजत होत्या. दादाने नकाशा बाजूला ठेवला, सदरा वर केला आणि म्हणाला, "बरं, ते राहू दे. आता सांग. पोट थोडं फुगलंय. दुखत नाही. काय म्हणतेस?" त्याच्या ओठांवर तेच हसू होतं, पण डोळे हसत नव्हते. डोळे दारात उभ्या असलेल्या आईचे होते. मी हात ठेवला. पोट ताणलेलं होतं, कोमट होतं, आणि हाताखाली काही हलत नव्हतं. पिशवी सपाट, कोरडी. कदाचित साधाच अडकाव असेल, पाण्याने सुटेल. कदाचित नसेल. मी बावीस वर्षं या एका गोष्टीकडे बघत बसलेली बाई आहे आणि मला कळत नव्हतं, हेच खरं उत्तर होतं. काही नाही रे, हे शब्द जिभेवर आपोआप आले, सवयीचे, गोड. मी हात तसाच ठेवला. एक मिनिट गेलं. तो वाट बघत होता.

"चप्पल घाल," मी म्हणाले. "दवाखान्यात जायचं."

"अगं, दुखत नाही म्हटलं ना."

"म्हणूनच."

त्याचा चेहरा पडला. मी बघत राहिले. तोंडाच्या कडा खाली आल्या, हनुवटी हलली, आणि तो पंचावन्न उलटलेला माणूस एकदम शाळेतल्या मुलाएवढा दिसायला लागला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या. मी म्हणाले, "वहिनी, चहा राहू द्या. दादाला न्यायला हवं, आत्ताच. आणि एक सांगते. मागच्या वेळी त्याने मला फोन केला होता, दोन दिवस आधी. काही नाही, झोप, असं मीच म्हणाले होते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. तो जमिनीकडे बघत होता, त्यावरून त्यांना काय समजायचं ते समजलं. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, एक कप कलंडला तो सरळ केला, कपाटातून दादाची फाइल काढली आणि आम्ही बाहेर पडताच दाराला कुलूप लावलं. टॅक्सीत त्या नेहमी माझ्या शेजारी बसतात. आज पुढे ड्रायव्हरजवळ बसल्या. दादा आणि मी मागे. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आणि काही निघालं नाही तर?"

"तर परत येऊ," मी म्हणाले.

त्याचा चेहरा तसाच होता, आणि माझ्या तोंडाशी दोन-तीन वाक्यं आली होती ज्यांनी तो नक्की सुधारला असता. मी ती बोलले नाही.